जुन्या गाडीचा रंग : युसूफ वडगावच्या वाचकांच्या शंका

दसरा जवळ आला की केज तालुक्यात गाड्या अंगणात धुवायला निघतात. ऊसतोडीला जाणारा ट्रॅक्टर, त्याची ट्रॉली, दारातली मोटारसायकल, शहरातल्या मुलाने गावी आणून ठेवलेली जुनी कार. चिखल उतरला की उन्हाने उडालेला आणि काट्यांनी ओरखडलेला रंग डोळ्यांत भरतो. युसूफ वडगाव आणि आसपासच्या गावांतून आलेल्या पत्रांत या वेळी हाच विषय आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक धास्ती आहे, की आता पूर्ण गाडी रंगवावी लागणार. बहुतेकांवर ती वेळ आलेली नाही. रंगाचे पहिले काम पत्रा झाकण्याचे असते, शोभा नंतरची. म्हणून उत्तर देताना मी आधी एवढेच पाहतो : इजा कोणत्या थरापर्यंत पोहोचली आहे, आणि पत्रा उघडा पडला आहे का?

प्रश्न : माझी लाल मारुती ८०० आता पंचवीस वर्षांची आहे. टपावरचा आणि बॉनेटवरचा रंग फिकट गुलाबी पडला आहे. लातूरहून पॉलिशची डबी आणून घासले, तर फडके लालभडक झाले! घाबरून हात आवरला. रंग सुटून येतोय का? आणखी घासले तर पत्रा दिसेल का? शेजारी म्हणतात, रंग मेला, आता सगळी गाडी खरवडून नव्याने मारा.
— निवृत्त शिक्षक, युसूफ वडगाव

उत्तर : गुरुजी, रंग मेलेला नाही. फडक्यावर लाल रंग आला याचा अर्थ तुमच्या गाडीवर क्लिअर कोट (रंगावर मारलेला पारदर्शक, वार्निशसारखा थर) नाही. मारुती ८०० ही १९८३ पासून २०१४ पर्यंत तयार होत होती. त्यातल्या जुन्या, साध्या रंगांच्या अनेक गाड्यांवर रंगाचा थरच शेवटचा थर असे, त्यावर दुसरे काही नसे. उन्हातल्या अतिनील किरणांनी आणि हवेतल्या प्राणवायूने अशा रंगाचा अगदी वरचा पापुद्रा कोरडा पडून भुकटीसारखा होतो. लाल रंगात हे लवकर दिसते, कारण त्यातली अनेक रंगद्रव्ये उन्हाला फारशी टिकत नाहीत. फडक्यावर आलेली ही मेलेली भुकटी आहे. तिच्याखालचा रंग बहुधा अजून लाल आहे.

मात्र रंग किती शिल्लक आहे याचे भान ठेवून काम करावे लागेल. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर अस्तरापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. म्हणजे वहीचे एक-दोन कागद. प्रत्येक वेळी घासताना त्यातला थोडा भाग कायमचा जातो. तेव्हा गाडी सावलीत धुऊन वाळू द्या. तळहाताएवढी जागा घ्या, ओलसर मऊ सुती कापडावर बारीक दाण्याचे रबिंग कंपाउंड घ्या आणि हातानेच हलके फिरवा. मशीन लावू नका. दरवाजाच्या कडा, बॉनेटच्या उभट रेषा आणि कोपरे यांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे आधी मास्किंग टेप चिकटवा. लाल झळाळी आली की थांबा. कुठे करडे किंवा तपकिरी अस्तर दिसू लागले तर त्या जागी लगेच थांबा, तो भाग आता पॉलिशने सुधारणार नाही. शेवटी मेण (वॅक्स) लावा आणि ते दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावत जा, कारण ऊन आपले काम थांबवणार नाही. टप आणि बॉनेट दोन्ही असे परत आले तर पूर्ण गाडी रंगवण्याचा विचार सोडून द्यायला हरकत नाही. कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला मूळ रंग गावातल्या कोणत्याही गाळ्यात पुन्हा तसा बसत नाही. जोवर तो आहे, तोवर तो जपावा.

प्रश्न : आमच्या शेताच्या वाटेला दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळी आहेत. गाडीच्या डाव्या अंगावर पुढून मागपर्यंत ओरखडे उठलेत. भाऊ म्हणतो, टूथपेस्ट लाव, जातील. मला भीती वाटते की पावसाळ्यात तिथूनच गंज शिरेल आणि दारे कुजतील.
— शेतकरी, युसूफ वडगाव परिसर

उत्तर : तुमची भीती अर्धी खरी आहे. कोणत्या अर्ध्याची काळजी करायची हे तुम्हाला घरीच ठरवता येईल. ओरखड्यावर पाण्याचा हात फिरवा. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर तो फक्त वरच्या पारदर्शक थरात आहे. मग नख आडवे फिरवा. नख अडत नसेल तर बारीक पॉलिशने तो बराच पुसला जाईल. नख अडले आणि आत पांढरट किंवा करडे दिसले, तर इजा अस्तरापर्यंत गेली आहे. ती पॉलिशने जाणार नाही, पण तातडीही नाही. आत धातूची चमक किंवा तपकिरी ठिपका दिसला तरच पत्रा उघडा आहे, आणि तिथे मात्र वेळ घालवू नये. पावसाळी हवेत उघड्या लोखंडावर गंज यायला काही दिवस पुरतात.

अशा उघड्या जागी टचअप असा करा. तपकिरी ठिपका असेल तर बारीक पॉलिश पेपरच्या टोकाने तेवढाच खरवडा. थिनरच्या बोळ्याने तेलकटपणा पुसा. प्रायमर (पत्र्याला धरून राहणारा अस्तराचा रंग) अगदी बारीक कुंचल्याने, ओरखड्याच्या आतच भरा. तो वाळला की गाडीच्या रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या, मधे वाळायला वेळ देऊन. एका जाड हाताने काम उरकले की तो हात आतून ओला राहतो आणि पुढे आकसतो. जवळून पाहिले तर रेघ दिसेल, ती दिसू द्या. पत्रा झाकला गेला. रंग आणायला वेळ लागणार असेल तर जागा स्वच्छ आणि कोरडी करून त्यावर पारदर्शक नेलपॉलिश लावून ठेवले तरी तेवढे दिवस पाणी आत जात नाही.

टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते, म्हणून हलक्या खुणा थोड्या फिक्या पडतात. पण ती पूड गाडीच्या रंगासाठी केलेली नाही, तिने चमक मंदावते. खोल ओरखड्यात ती पांढरी होऊन अडकते आणि पुढे टचअपचा रंग तिथे धरत नाही. भावाचा हेतू चांगला आहे, पण कंपाउंडची लहान डबीच आणा. आणि जमले तर वाटेवरच्या फांद्या हंगामाआधी छाटून घ्या.

प्रश्न : मी रोज सकाळी स्प्लेंडर कोरड्या कपड्याने पुसतो आणि आठवड्याला रॉकेल नाहीतर डिझेलचा हात मारतो. गाडी चकाकते. पण आता टाकीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात. एवढी निगा राखूनही गाडी का बिघडते? माझे काही चुकले का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, केज

उत्तर : तुमची निगा खरी आहे, फक्त तिचा क्रम बदलायला हवा. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत काळ्या मातीबरोबर खडीची कच आणि वाळूचे कण असतात. ते रंगापेक्षा खूप कठीण असतात. कोरडे फडके फिरले की तेच कण टाकीवर घासले जातात आणि त्या गोल रेघा उठतात. आधी भरपूर पाण्याने धूळ वाहू द्या, मग ओल्या मऊ कापडाने पुसा. वेळ नसेल त्या दिवशी गाडी धुळीने माखलेली राहू द्या. नुसत्या बसलेल्या धुळीने रंग खराब होत नाही.

रॉकेल-डिझेलची चमक ही वर राहिलेल्या तेलाची असते. त्या तेलाला दुपारपर्यंत नवी धूळ चिकटते, रबराचे भाग फुगतात आणि पुढे कधी टचअप करायचा झाला तर रंग पत्र्याला धरत नाही. ते आजपासून बंद केले तर काही नुकसान होणार नाही. कपडे धुण्याची पावडरही टाळा, ती मेण धुऊन काढते. बोअरच्या पाण्याबद्दल एक सांगतो, कारण आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी जड (क्षार जास्त असलेले) असते. ते उन्हात गाडीवर वाळले की पांढरे ठिपके पडतात आणि दिवसेंदिवस राहिले की रंगात रुततात. म्हणून गाडी सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर धुवा आणि पाणी पुसून घ्या. ताजे ठिपके पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर मिसळून पुसले तर निघतात. नंतर साध्या पाण्याने धुवा. टाकीवरच्या रेघा बारीक पॉलिशने एकदा घालवता येतील. वर्षातून अनेकदा तसे करू नका.

प्रश्न : चंदेरी रंगाच्या कारचे टप आणि बॉनेट पांढरे पडून पापुद्रे सुटायला लागलेत. दोनदा पॉलिश करून घेतली, पैसे गेले, पंधरा दिवसांत पुन्हा तसेच. आता तर डाग वाढतच चाललेत. कोणी फसवले का मला?
— किराणा दुकानदार, युसूफ वडगाव

उत्तर : फसवले असे म्हणता येणार नाही, पण उपाय चुकीच्या थरावर झाला. तुमच्या गाडीचा वरचा पारदर्शक थरच उन्हाने फुटला आहे आणि खालच्या चंदेरी थरापासून सुटतो आहे. पॉलिशमधल्या तेलाने भेगा काही दिवस झाकल्या जातात, तेल उडाले की डाग परत दिसतात. जो थर जागेवर राहिलेलाच नाही त्याला चमक आणता येत नाही. पुन्हा पॉलिशवर खर्च करू नका.

यावर एकच खरा उपाय आहे. सुटलेला थर घासून पूर्ण काढायचा, कडा समतल करायच्या, चंदेरी रंग मारायचा आणि त्यावर नवा क्लिअर कोट. हे काम डेंटिंग-पेंटिंगच्या चांगल्या गाळ्यातच करून घ्या, घरच्या स्प्रे डब्याने एवढा मोठा भाग एकसारखा होत नाही. फक्त टप आणि बॉनेट करायला सांगा, दारे चांगली असतील तर त्यांना हात लावू देऊ नका. बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर रंगाचा संकेतांक असतो. पण पेंटरने नुसत्या संकेतांकावर विसंबू नये. तुमच्या गाडीचा रंग इतक्या वर्षांत बदललेला आहे, म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून तो गाडीशेजारी, उन्हात धरून जुळवावा. चंदेरी रंगात गन किती लांब धरली यानेही छटा बदलते. दिवस निवडताना दिवाळीनंतरचे कोरडे दिवस बरे. भर पावसाळ्यात दमट हवेने रंग पांढुरका पडू शकतो, आणि चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या वर असताना थिनर इतका झटकन उडतो की रंग सपाट पसरायच्या आतच दाणेदार होऊन बसतो. काम पुढे ढकलल्याने पत्र्याला लगेच धोका नाही. चंदेरी थराखाली अस्तर शाबूत असेल तर दिवाळीपर्यंत थांबता येईल.

प्रश्न : बाजारातून जुनी बोलेरो घेतली. रंग नवा कोरा होता म्हणून भुललो. सहा महिन्यांत दारांच्या खालच्या कडेला फोड आले, एक फोडला तर आत लाल माती आणि भोक! सगळी गाडी अशीच पोकळ असेल का? आम्ही घरची माणसे बसवून लांब लांब जातो. रात्री झोप लागत नाही.
— वाचक, केज तालुका

उत्तर : दारात पडलेल्या भोकाने गाडी धोक्याची होत नाही. दाराची खालची कड हा सगळ्याच गाड्यांचा दुखरा कोपरा असतो. काचेवरून आत उतरलेले पाणी तिथल्या बारीक छिद्रांतून बाहेर पडायला हवे. ती छिद्रे मातीने बुजली की पाणी साठते आणि गंज आतून बाहेर येतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते, म्हणून रंग फुगून फोड येतात. फोड दिसतो तेव्हा गंज जुना झालेला असतो. त्याच्यावर नुसती लांबी (खड्डे भरायची पुट्टी) थापून रंग मारला की सहा महिने बरे दिसते. तुमच्या गाडीचे बहुधा हेच झाले आहे.

गाडी कितपत भरलेली आहे हे पाहायला साधा लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून दारे, मडगार्ड आणि टप यांवरून फिरवा. जिथे तो ढिला धरतो किंवा पडतो तिथे जाड लांबी आहे. प्लास्टिकच्या भागांवर तो धरणारच नाही, तिथे घाबरू नका. लांबी वाईट नसते, दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा खळगा भरायला ती आहेच. गंजाचे भोक बुजवायला मात्र ती वापरू नये. कुजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडणे, आतून-बाहेरून प्रायमर देणे आणि पाण्याची छिद्रे मोकळी करणे, असे दाराचे काम करून घ्या.

झोप उडण्याजोगी गोष्ट दुसरीकडे असू शकते आणि ती या आठवड्यातच पाहून घ्या. गाडी रॅम्पवर चढवून अनुभवी मेकॅनिककडून चासी, स्प्रिंगची बैठक, ब्रेकच्या लोखंडी नळ्या आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात ते भाग तपासा. तो स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहील. तिथे पत्रा दबत असेल किंवा भेगा असतील, तर दुरुस्ती होईपर्यंत त्या गाडीतून माणसे नेऊ नका. चासीचे वेल्डिंग गावातल्या ग्रिलच्या दुकानात करून घेऊ नका, ते या कामातल्या माणसाकडूनच व्हावे. आणि काम करताना चासी क्रमांक घासला किंवा रंगाने बुजवला जाणार नाही हे स्वतः उभे राहून पाहा. तपासलेले सगळे भाग टणक निघाले तर निर्धास्त प्रवास करा.

प्रश्न : ट्रॉलीचा रंग खताने पार खाल्ला आहे. कारखान्याला जायच्या आधी पटकन एक हात मारून घ्यावा म्हणतो. तेवढ्याने भागेल का?
— ट्रॅक्टरमालक, युसूफ वडगाव परिसर

उत्तर : पटकन मारलेला हात हंगाम संपायच्या आत सुटेल. रासायनिक खते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पत्र्यावर खारट, ओलसर लेप तयार होतो. त्यात लोखंड फार वेगाने गंजते. पोटॅशमध्ये तर क्लोराइड असते, ते अधिक खाते. रंगाआधी ट्रॉली सांध्यांसकट भरपूर पाण्याने धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. सुटलेला गंज तारेच्या ब्रशने काढा, रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात द्या आणि मग साधा सिंथेटिक इनॅमल मारा. ट्रॉलीला याहून महाग रंगाची गरज नाही. पुढे खत वाहून आणले की त्याच दिवशी ट्रॉली धुणे, एवढ्याने रंगाचे आयुष्य वाढेल.

एक आग्रहाची विनंती आहे. रंगाच्या घाईत मागचे लाल रिफ्लेक्टर आणि चकाकणाऱ्या पट्ट्या झाकल्या जातात, काही जण नंबरही रंगवून टाकतात. उसाने लादलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला उभी असते आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. या हंगामात आपल्या भागातली माणसे अशी जातात. जुन्या पट्ट्या काढून रंग द्या आणि वाळल्यावर नव्या, रुंद पट्ट्या मागे आणि दोन्ही बाजूंना लावा. रंग राहिला तर पुढच्या वर्षी होईल, पट्ट्या मात्र निघायच्या आधी लागल्याच पाहिजेत.

प्रश्न : आमचे मालक घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या रंगवतात. तोंडाला रुमाल बांधतात. वर्षभरापासून रात्री खोकला येतो, छातीत शिट्टी वाजल्यासारखी होते. दिवाळीला आठ दिवस काम बंद होते तर अगदी बरे होते, काम सुरू झाले की पुन्हा तेच. ते म्हणतात धूळ आहे, गुळण्या केल्या की जाईल. मला पोटात दिवस आहेत आणि धाकटा मुलगा दिवसभर शेडमध्येच खेळतो. कोणाला विचारू कळेना म्हणून तुम्हाला लिहिते.
— एक बहीण, युसूफ वडगाव

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलेत ते फार चांगले केलेत. सुट्टीत बरे वाटते आणि कामावर परत त्रास होतो, हे तुमचे निरीक्षण डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. निदानासाठी ते महत्त्वाचे आहे. रंगाचा मी अभ्यासक आहे, छातीचा डॉक्टर नाही. म्हणून आजार कोणता हे मी सांगणार नाही. पण दोन भाग मिसळून मारायच्या रंगात आणि क्लिअर कोटमध्ये जो हार्डनर (रंग घट्ट करणारे दुसरे द्रव) असतो, त्यात आयसोसायनेट नावाची रसायने असतात. स्प्रे करताना ती श्वासातून आत गेली तर काही जणांना दमा होतो, आणि तो पुष्कळदा कामानंतर काही तासांनी, रात्री उठतो. एकदा शरीर त्या रसायनावर चिडू लागले की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही त्रास होतो. म्हणून हे अंगावर काढू नये. दुसरीकडे, प्रत्येक खोकला याचाच असतो असेही नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयाची तपासणी करायलाच हवी. ती सरकारी केंद्रात मोफत होते.

या आठवड्यात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा सरळ अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात छातीच्या विकारांच्या डॉक्टरांना भेटा. हार्डनरच्या डब्याचा मोबाइलवर फोटो काढून न्या. फुंकर मारून करायची फुप्फुसाची चाचणी होईल. तोपर्यंत हार्डनरचे रंग मारणे पूर्ण बंद ठेवावे. बोलता येणार नाही इतका दम लागला किंवा ओठ निळसर दिसले, तर वाट न पाहता १०८ला फोन करा.

रुमाल किंवा औषधाच्या दुकानातला मास्क हार्डनरची वाफ अडवत नाही. धुळीसाठीचा चांगला मास्कही घासकामापुरताच. वासावरही विसंबता येत नाही, कारण वास येईपर्यंत प्रमाण धोक्याच्या पुढे गेलेले असू शकते. डॉक्टरांनी काम चालू ठेवायला परवानगी दिलीच, तर बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटा हवा. वाफेच्या डब्यांचा (कार्ट्रिज) मुखवटा त्याखालोखाल. तो चेहऱ्याला घट्ट बसणारा हवा आणि त्याचे डबे वेळेवर बदललेले हवेत. हातमोजे हवेत, आणि थिनरने हात धुणे बंद हवे, कारण ही रसायने कातडीतूनही त्रास देतात. हा खर्च जड वाटेल, पण घर चालवणारी छाती वाचवायला तो लागतोच.

तुम्ही आणि मुलाने स्प्रे चालू असताना आणि नंतर निदान त्या दिवशी शेडपासून दूर राहावे. कामाचे कपडे घरात आणू नयेत, ते वेगळे धुवावेत. आजवर वास आला म्हणून बाळाला अपाय झालाच असेल, असे मनात घेऊ नका. पुढच्या तपासणीला स्त्रीरोगतज्ज्ञांना ही माहिती द्या, त्या पाहतील.

प्रश्न : मोटारसायकलच्या टाकीला गंजून बारीक छिद्र पडले, पेट्रोल झिरपते. वरून एम-सील लावून रंग मारला तर चालेल ना?
— वाचक, केज तालुका

उत्तर : चालणार नाही. तशी गाडी चालवू नका, घरातही उभी करू नका. एम-सीलखाली गंज चालूच राहतो आणि पेट्रोलने रंग फुगतो. टाकी काढून ती झाळून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. रिकाम्या टाकीतली वाफ ठिणगीने स्फोट करते, म्हणून आधी आतून नीट धुऊन, वाफ पूर्ण घालवून मगच आच लावणारा माणूस हवा. आतून गंज पसरला असेल तर नवी टाकी घ्या.

प्रश्न : एका दारावरचे ओरखडे विम्यातून करून घ्यावेत का? एजंट म्हणतो करा, मेहुणा म्हणतो नको.
— प्राथमिक शिक्षिका, युसूफ वडगाव

उत्तर : आधी पॉलिसी पाहा. नुसती तृतीय पक्षाची असेल तर तुमच्या गाडीच्या रंगाला काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक असली तरी उन्हाने किंवा वापराने गेलेला रंग त्यात बसत नाही, अपघाताचेच नुकसान बसते. त्यातही साध्या पॉलिसीत रंगाच्या साहित्यावर पन्नास टक्के घसारा कापतात, आणि १५०० सीसीपर्यंतच्या कारला पहिले एक हजार रुपये आपल्याकडूनच जातात. दावा केला की नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट) जातो. ही सूट पहिल्या वर्षानंतर वीस टक्के असते आणि पाच वर्षे दावा केला नाही तर पन्नास टक्क्यांपर्यंत चढते. तुमच्या सुटीची रक्कम आणि पेंटरचा अंदाज शेजारी लिहून पाहा. एका दारासाठी बहुतेकदा मेहुण्याचे म्हणणे बरोबर ठरते.

प्रश्न : आजोबांची १९६८ सालची जीप गोठ्याशेजारी उभी आहे. मूळ रंग जागोजागी उडालाय, तरी आजोबांच्या हातचे वाटते म्हणून खरवडायला मन होत नाही. मित्र म्हणतात लष्करी हिरवा मार, उठून दिसेल. पोलीस पकडतील का? आणि जुना रंग काढताना काही विषारी असते असे ऐकले, खरे का?
— तरुण वाचक, युसूफ वडगाव

उत्तर : मन होत नाही तर खरवडू नका. मूळ रंग एकदा काढला की परत येत नाही, आणि जुन्या वाहनांची पारख असलेले लोक नव्या चकचकीत रंगापेक्षा विटलेल्या मूळ रंगाला जास्त मान देतात. जिथे पत्रा उघडा आहे तिथे गंज काढून प्रायमर द्या, बाकी भाग सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन मेण लावा आणि जीप गोठ्यापासून दूर, हवेशीर छपराखाली ठेवा. शेणामुताच्या ओलसर वाफा लोखंडाला चांगल्या नाहीत.

लष्करी हिरवा रंग मात्र मारू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने तो रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखलेला आहे. इतर कोणताही वेगळा रंग द्यायचा असेल तर तो आरसी बुकात नोंदवून घ्यावा लागतो, कारण नोंदीतला रंग आणि गाडीचा रंग जुळला पाहिजे. एमएच-४४ ची गाडी असेल तर अंबाजोगाईच्या आणि एमएच-२३ ची असेल तर बीडच्या परिवहन कार्यालयात आधी अर्ज करा, रंग नंतर द्या. तोच मूळ रंग पुन्हा देणार असाल तर नोंद बदलावी लागत नाही. आणखी एक पाहून ठेवा. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले आहेत. तशी नोंदणी केली तर जीप रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला आणि दुरुस्तीला नेता येते. शेतीच्या कामाला ती लागणार असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

विषारीपणाचे ऐकले ते खरे आहे. त्या काळच्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत आणि शेंदरी अस्तरात शिसे असू शकते. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि गरोदर स्त्रियांना अपायकारक असते. रंग कोरडा घासू नका, ग्राइंडरने उडवू नका, जाळून काढू नका. पाण्यात वापरायचा पॉलिश पेपर घेऊन ओलाच घासा, खाली ताडपत्री अंथरा, धुळीचा चांगला मास्क लावा आणि मुले, गुरे व चारा दूर ठेवा. निघालेला चिखल उकिरड्यावर किंवा शेतात टाकू नका. तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, घरगुती घातक कचरा घेणारी सोय नगरपंचायतीकडे आहे का हे विचारून तिथे द्या. काम झाल्यावर आंघोळ करूनच जेवायला बसा.